झेंडूच्या रंगाचा पेला

लोणावळ्यात मला ‘काचवाल्या बाई’ म्हणतात. हे नाव मी स्वतः मेहनतीनं कमावलेलं आहे आणि परवापरवापर्यंत मला त्याचा गर्वही होता. आमच्या हॉलमध्ये भिंतभर काचेचं कपाट आहे. त्यात नारिंगी, जांभळे, हिरवे वाडगे, बशा, पेले मांडलेत. आतला दिवा लावला की डबक्यावर रॉकेल सांडल्यावर दिसतात तसे रंग त्यांच्यावर फिरतात. आमच्याकडे आलेला माणूस कपाट न बघता परत गेलाय असं सहसा होत नाही. नवरा म्हणतो, तुझ्या तावडीतून सिलेंडरवालासुद्धा सुटत नाही. खोटं कशाला बोलू, त्यालाही एकदा उभं करून दाखवलंय.

हा नाद लागला भंगारवाल्यामुळे. इथले जुने बंगले पाडून त्या जागी इमारती उठायला लागल्या, तेव्हा सागवानी पलंग आणि संगमरवरी टेबलं हातोहात जायची आणि काचेचं सामान पोत्यात भरून भंगारात यायचं. मी रद्दी घालायला गेले होते. पोत्याच्या तोंडाशी एक नारिंगी वाडगा उन्हात चमकत होता. त्याच्या बुडावर मोर होता. तो घरी आणला आणि धुऊन टेबलावर ठेवला, तेव्हा नवऱ्यानं पेपरमधून मान वर करून विचारलं, “हे काय ध्यान?” मी इतिहासाची शिक्षिका. कुणी ‘हे काय’ म्हटलं की उत्तर शोधल्याशिवाय मला झोप येत नाही.

त्याचं उत्तर निघालं ते अमेरिकेत. एकोणिसावं शतक संपतानाची गोष्ट. तिकडच्या काही कलावंत मंडळींना जमिनीतून उकरून काढलेल्या जुन्या रोमन काचेचं वेड लागलं. शेकडो वर्षं मातीत पडून त्या काचेवर मोरपिसासारखे रंग चढलेले असत. तसे रंग ताज्या काचेवर आणायचे म्हणून तापलेल्या काचेवर धातूंच्या क्षारांची वाफ सोडायची युक्ती निघाली. न्यूयॉर्कच्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात त्या काचेच्या फुलदाण्या आणि दिवे झळकायला लागले. मग ओहायो, वेस्ट व्हर्जिनियाकडच्या कारखानदारांनी तीच चमक स्वस्तात उतरवली. लोखंडी साच्यात काच दाबायची, गरम आहे तोवर क्षारांचं पाणी फवारायचं, की झालं. ती काच गरीबगुरिबांच्या घरात गेली आणि स्वयंपाकिणीच्या फडताळातही चमकायला लागली. ते बघून श्रीमंतांनी आपल्याकडच्या महागड्या वस्तू माळ्यावर टाकल्या, असं सांगतात. पुढे स्वस्त मालाचीही हौस फिटली. उरलेला माल जत्रेत बक्षीस म्हणून वाटला गेला, काही पेट्या बोटीत चढून परदेशी गेल्या. त्यातल्याच काही मुंबईत उतरून घाट चढून आमच्या बंगल्यांत आल्या असणार.

श्रीमंतांचा भाग मी फार रंगवून सांगायचे. महिला मंडळात सांगितला, ज्येष्ठ नागरिक संघात सांगितला, नातेवाइकांना तर पाठच झाला असेल. “वस्तू तीच, चमक तीच. पण मोलकरणीच्या घरी दिसली, की मालकिणीच्या लेखी तिला विटाळ झाला,” असं म्हणून मी थांबायचे. तिथे लोक हसायचे, आणि मी त्या हसण्याची वाट बघायचे.

कपाटातली माझी सगळ्यात लाडकी वस्तू मात्र बंगल्यातली नव्हती, माझ्या माहेरची होती. झेंडूच्या रंगाचा एक पेला, अंगावर द्राक्षांचे उठावदार घोस. गंमत म्हणजे अमेरिकेतले शौकीन लोकही या रंगाला झेंडूच म्हणतात. माझं माहेर तिकोना किल्ल्याच्या बाजूचं, शेतकऱ्याचं. आजोबा लोणावळ्याच्या एका बंगल्यावर तांदूळ पोचवायचे. बंगल्याचा मालक गाशा गुंडाळून गेला तेव्हा त्यानं तो पेला आजोबांना दिला, असं घरात सांगायचे. नंतर आपल्याकडेही अशी काच व्हायला लागली होती, म्हणून मी घोसातलं द्राक्ष न्‌ द्राक्ष फोटोंशी ताडून पाहिलं आणि पेला अमेरिकेचाच असल्याची खात्री करून घेतली.

माहेरी तो पेला गोठ्यात असायचा, भिंतीतल्या देवळीत उपडा ठेवलेला. सकाळचं ऊन दारातून आत आलं की तो पेटल्यासारखा दिसायचा. मी त्याच्याकडे बघत म्हशीच्या पाठीला टेकून उभी राहायचे. हात लावला की आई फटका द्यायची, फुटेल म्हणून. माझ्या लहानपणची सगळ्यात सुंदर आठवण कुठली, असं कुणी विचारलं की मी हीच सांगायचे. आणि वर म्हणायचे, “आमची माणसं अडाणी हो, एवढी मोलाची वस्तू गोठ्यात ठेवली. घरात नुसती पितळेची भांडी.” त्या घरात पाणी वरून प्यायचं. भांड्याला ओठ लागला की ते उष्टं. ही शिस्त माझ्यात इतकी मुरलीय, की नवऱ्यानं फ्रीजमधली बाटली तोंडाला लावली तर मी अजून त्याला झापते.

भावानं गोठा पाडून पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या तेव्हा मी पेला मागितला. तो म्हणाला, “घिऊन जा की. आमी काय त्यो घरात घेनार हाय व्हय?” मला वाटलं, काचेचं भांडं फुटतं म्हणून म्हणतोय. हसत हसत पेला ओढणीत गुंडाळून आणला. बुडाला एक टवका उडालेला होता. बोटीच्या प्रवासात उडाला असणार, असं मी लोकांना सांगायला लागले. मग बरेच दिवस सांगितल्यावर मलाही ते खरं वाटायला लागलं.

मुलीनं लग्नाचं सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मुलगा तिच्याच कंपनीतला, तळेगावचा, बौद्ध घरातला. माझ्या भावाचं तोंड वाकडं झालं, त्याला मी फोनवर चांगलं सुनावलं. आपण शिकलेली माणसं, आपल्याला हे शोभत नाही, वगैरे. मुलगा आईवडिलांना घेऊन आमच्याकडे जेवायला येणार ठरलं तेव्हा मी नवऱ्याला बजावलं, “मूळ गाव कुठलं, हे अजिबात विचारायचं नाही. गाव विचारणं म्हणजे जातच विचारणं.” मुलीनंही मान डोलावली. आम्ही किती पुढारलेले, याचं मला त्या दिवशी मनातून कौतुक वाटत होतं. साधं गाव विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

मुलाचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, उंच, हळू बोलणारे. आई जेमतेम बोलायची, पण सगळीकडे नजर ठेवून होती. मी त्यांना भाऊ आणि ताई म्हणायला लागले. पाणी द्यायची वेळ आली. नेहमीचे स्टीलचे ग्लास मला नको होते. या माणसांचा मान राखायचा तर घरातलं उत्तम ते बाहेर काढायचं, असं मी ठरवलं होतं. कपाट उघडलं. सगळ्यांना एकेक जुना पेला दिला आणि भाऊंच्या हातात माझा लाडका, झेंडूचा. सरबतानं रंग मारला जातो, म्हणून साधं पाणी भरलं होतं.

आणि मी सुरू झाले. रोमन काच, तापलेली भट्टी, क्षारांचं पाणी, ओहायो. श्रीमंत बायका आणि त्यांच्या मोलकरणी. “जणू विटाळच झाला,” म्हणून मी नेहमीसारखी थांबले. नवरा सवयीनं हसला. मुलगा जरासा हसला. भाऊ पेल्यातल्या पाण्याकडे बघत होते, त्यांनी अजून घोट घेतला नव्हता.

“हा कुठल्या बंगल्यातला?” त्यांनी विचारलं.

“हा बंगल्यातला नाही, माझ्या माहेरचा,” मी म्हटलं.

“तुमचं माहेर कुठलं, ताई?”

मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. मग पाणी शेजारच्या कुंडीत सावकाश ओतलं, पेला उलटा केला आणि बुडाच्या टवक्यावर अंगठा फिरवला. आतापर्यंत ते अगदी शहरी बोलत होते. आता आवाज तोच, पण बोली माझ्या माहेरची निघाली.

“गोठ्यात शिरलं का उजव्या अंगाला देवळी. तिच्यात हा उपडा असायचा. माजी आय तुमच्या खळ्यावर कामाला यायची, मी बारका, तिच्यासंगं यायचो. तहान लागली का तुमच्या आई वरनं पानी वतायच्या, आमी ह्यात झेलून प्यायचो. पिऊन झालं का इसळून पुन्यांदा देवळीत. येकदा माज्या हातनं पडला. त्यो हा टवका. आय लय घाबरली. तुमच्या आई म्हनल्या, आता तुमच्यासाठी दुसरा कुटनं आनू?”

नवरा खिडकीबाहेर बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, “भाऊ, मला खरंच माहीत नव्हतं.” ते वाक्य तोंडातून गेलं तेव्हाच मला ते अर्धवट असल्याचं कळत होतं. मजूर अंगणात बसलेले, आई उंचावरून पाणी ओततेय, हे मी पाहिलेलं होतं. पेलाही पाहिलेला होता. दोन्ही गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या, एवढंच.

“तुम्हाला कसं माहीत असणार, लहान होता तुम्ही,” ते पुन्हा शहरी मराठीत म्हणाले. आमची लाज त्यांनीच झाकली. मग थोडं थांबून म्हणाले, “ताई, एक मागू का? हा मला द्याल?”

आता खरं सांगायचं तर मी गप्प राहिले. फार वेळ नाही, पण सगळ्यांना दिसेल इतका. माझ्या डोक्यात काय आलं, ते लिहायलाही लाज वाटते. इतक्या वर्षांत असा दुसरा नग माझ्या हाती लागलेला नाही, हे आलं. आणि मी म्हटलं, “अहो भाऊ, हा कशाला? टवका उडालेला आहे. थांबा, तुमच्यासाठी दुसरा काढते ना.”

“आई,” मुलगी म्हणाली. एवढंच म्हणाली. ती उठली, भाऊंच्या हातातून पेला घेतला, जुन्या पेपरमध्ये नीट गुंडाळला आणि परत त्यांच्या हातात ठेवला. मी काय बोलून बसले ते मला तेव्हा ऐकू आलं. माझ्या आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण त्या वेळी ती माझ्या तोंडून बोलली होती.

जेवणं झाली. पुरणपोळीचं कौतुक झालं, पण पोळ्या पानातच राहिल्या. निघताना मुलाची आई दारात थांबली आणि मला म्हणाली, “तारखेचं आम्ही घरी बोलून कळवतो.” येताना ती पंचांगाची कटकट नको, आपल्या सोयीची तारीख धरू, म्हणत आली होती.

मी स्वयंपाकघरात भांडी घासत बसले. मुलगी येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. मी म्हटलं, “रागव माझ्यावर.” ती म्हणाली, “मी रागावले नाहीये. तुला माहीत नव्हतं, ते मी समजू शकते. पण त्यांनी मागितल्यावर तुला तो द्यायला जड गेलं. आता ते नाही म्हणाले तर मी त्यांना एका शब्दानं बोलणार नाही.” मग तिनं माझ्या हातातलं पातेलं घेतलं आणि विसळायला लागली. मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, माझ्याकडे उत्तरं तयार होती.

माहेरी भावाला फोन केला. विचारलं, “तो पेला कशाचा होता, तुला माहीत होतं?”

“व्हय. समद्यांना म्हाईत हुतं,” तो म्हणाला. “तुला न्हाई?”

याच भावाला मी शिकलेपणाच्या गोष्टी सुनावल्या होत्या. मी फोन ठेवला. आई फटका का द्यायची, हेही मला तेव्हा उमगलं. काच फुटण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. माझं बोट बाटू नये म्हणून तो फटका होता, आणि मी तो जन्मभर माया म्हणून सांगत आले.

ते दिवस वाईट गेले. मी कपाटाचा दिवा लावला नाही. मधल्या फळीवर पेल्याची जागा रिकामी होती, ती भरायलाही हात धजेना. मुलगी नेहमीसारखी ऑफिसला जायची, यायची, जेवायची. तिच्या फोनची रिंग वाजली की मी नळ बंद करून कान द्यायचे. अमेरिकेतल्या त्या बायकांना मी इतकी वर्षं हसले. त्यांनी निदान आपली काच माळ्यावर तरी टाकली. मी आमची लाज कपाटात मांडून तिला दिवा लावला होता आणि सिलेंडरवाल्यालाही बोलावून दाखवली होती.

शेवटी फोन आला तो भाऊंचाच. म्हणाले, “रविवारी सगळे या आमच्याकडे.” तारखेचं काहीच बोलले नाहीत. मीही विचारलं नाही, तोंड कुठलं होतं मला.

त्यांचं घर तळेगावात, आंबीकडे जाणाऱ्या रस्त्याला. नीटनेटकं, हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, शेजारी भाऊंच्या आईचा फोटो. खिडकीत माठ होता आणि माठाशेजारी माझा पेला. माझा म्हणायची सवय जात नाही. जवळ जाऊन पाहिलं तर भांड्यांच्या पावडरीनं घासून घासून एका बाजूची चमक उतरायला लागली होती. माझ्या जिभेवर आलं, अहो, याला पावडर लावायची नसते. जित्याची खोड. ओठ घट्ट मिटून खाली बसले.

“मी रोज सकाळी त्यातनंच पाणी पितो,” भाऊ म्हणाले. “आपल्या माठातलं, आपल्या हातानं घेऊन.” त्यात टोमणा नव्हता. आपण आपल्या आवडत्या कपाबद्दल बोलतो, तसं ते बोलत होते.

मुलाच्या आईनं सगळ्यांसाठी पाणी आणलं. स्टीलचे ग्लास, सगळे सारखे. ताटलीत एक ग्लास कमी होता. नवऱ्याला, मुलीला दिलं, मग ती माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, “ताई, तुम्हाला त्यातून देऊ का?”

तिनं ते सरळ विचारलं, आणि मी काय म्हणते याची वाट बघत राहिली. मी म्हटलं, “द्या.” तिनं पेला माठात बुडवून भरला, पदरानं बाहेरून पुसला आणि माझ्या हातात दिला. इतकी वर्षं मी तो धुतला, पुसला, मिरवला. आमच्या घरातला एकही माणूस त्यातून कधी पाणी प्यायलेला नव्हता. मीसुद्धा नाही. कपाटातली वस्तू वापरायची नसते, असं मी म्हणायचे. तेच कारण होतं का, हे आता मला छातीठोक सांगता येत नाही.

मला तहान लागली होती. सगळे बघत होते. आता नीट वागायचं, एवढंच मी मनाला बजावत होते. मी पेला उचलला, मान मागे टाकली आणि पाणी वरून तोंडात सोडलं.

पहिला घोट गळ्याखाली उतरल्यावर माझ्या ध्यानात आलं. पेला तसाच हवेत, ओठांपासून वीतभर लांब. मुलीनं डोळे मिटून घेतले होते. पाणी माझ्या हनुवटीवरून गळ्यात ओघळलं, तरी मला हात खाली घेता येईना. लहानपणापासूनची सवय आहे हो, असं म्हणता आलं असतं. पण त्या घरात ते कुणाला सांगणार होते?

मुलाच्या आईनं माझं मनगट धरलं आणि हात खाली आणला. “ताई,” ती म्हणाली, “तोंड लावून प्या.”

मी पेला ओठांना लावला. काचेची कड जाड होती. मी सगळं पाणी पिऊन संपवेपर्यंत ती माझ्यासमोर उभी होती आणि तोवर तारखेबद्दल कुणी एक शब्द काढला नाही.